सोलापूरची चिनी सून

१९४२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात, २६ तारखेस, न्यूयॉर्क शहरात 'कॅसाब्लांका' हा चित्रपट प्रथम दाखविण्यात आला. त्यानंतर तेराव्या दिवशी, म्हणजे ९ डिसेंबर १९४२ रोजी, उत्तर चीनमधील एका खेड्यात डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे निधन झाले. सोलापूरच्या या डॉक्टरांचे वय त्या वेळी अवघे बत्तीस वर्षांचे होते. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तथापि पहिलीतून युरोपातील युद्धाची एक प्रेमकथा जगभर गेली, आणि दुसरीतून चार वर्षांनी आपल्याकडची एक प्रेमकथा पडद्यावर आली. दोहोंत युद्ध आहे, परदेश आहे, घरापासून तुटलेली माणसे आहेत. आणि दोहोंसंबंधी एक प्रश्न विचारता येतो, तो असा की, ज्या भूमीवर ही कथा घडते त्या भूमीतील माणसांना कथेत जागा किती मिळाली, आणि ती कोणाच्या चेहऱ्याने मिळाली?

आम्ही इतिहास विषय घेऊन बी.ए. झालो, चित्रपटकला हा आमचा प्रांत नव्हे. परंतु सरकारी नोकरीच्या निमित्ताने मुलूखभर फिरताना हा प्रश्न आम्हांस सतत भेटत आला आहे. भिलाईसारख्या गावी तर तो टाळताच येत नाही. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' या १९४६ सालच्या चित्रपटाकडे इतिहासाच्या अंगाने पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

मूळ हकीकत अनेकांना ठाऊक आहे, तरी नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची मागणी केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. त्यांच्या आवाहनावरून निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीने निघाले. पथकाचे प्रमुख डॉ. अटल हे अलाहाबादचे. ते त्यापूर्वी स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले होते. डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी कलकत्त्याचे, डॉ. कोटणीस सोलापूरचे, आणि पाचवे डॉ. चोळकर नागपूरचे. हे पाचवे नाव भिलाईकरांनी आवर्जून लक्षात ठेवावे. त्या काळी नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाड यांची राजधानी होती आणि आपला दुर्ग जिल्हा त्याच प्रांतात मोडत असे. तेव्हा चोळकर हे सरकारी कागदपत्रांच्या हिशेबाने आपल्याच प्रांताचे! ते लवकर परतले आणि कोटणीसांच्या कीर्तीच्या छायेत त्यांचे नाव मागे पडले. इतिहासात जो परत येतो त्याच्यावर कोणी चित्रपट काढीत नाही.

कोटणीस परतले नाहीत. चीनमध्ये असतानाच वडिलांच्या मृत्यूची बातमी त्यांना कळली, तरीही त्यांनी काम सोडले नाही. येनान, तेथून उत्तरेकडचा डोंगराळ युद्धप्रदेश, उघड्यावर किंवा पडक्या देवळांत केलेल्या शस्त्रक्रिया, असा तो प्रवास आहे. कॅनडाचे विख्यात शल्यविशारद नॉर्मन बेथून १९३९ साली तेथेच काम करताना वारले. त्यांच्या नावाने निघालेल्या शांती रुग्णालयाची धुरा पुढे कोटणीसांकडे आली. १९४० साली बेथून यांच्या समाधीच्या समारंभात त्यांची क्वो छिंगलान यांच्याशी भेट झाली. या बाई शिकलेल्या परिचारिका असून बेथून यांच्याच नावाच्या वैद्यकीय शाळेत परिचर्या शिकवीत असत. १९४१ च्या अखेरीस विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनह्वा. 'यिन' म्हणजे भारत आणि 'ह्वा' म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचे असताना अपस्माराच्या झटक्यांनी पित्याचा अंत झाला.

या हकीकतीतील एक गोष्ट पुढच्या विवेचनासाठी महत्त्वाची आहे. कोटणीस चिनी भाषा शिकले. नुसती रोग्याला 'कुठे दुखते' असे विचारण्यापुरती नव्हे, तर बोलण्याइतकी, शिकविण्याइतकी, लिहिण्याइतकी. छिंगलान यांना या हिंदी डॉक्टरांचे प्रथम अप्रूप वाटले ते त्यामुळेच. सोलापूरच्या माणसाला हे साधावे यात आम्हांस नवल वाटत नाही. त्या गावात मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन भाषा एकाच गल्लीत नांदतात. पद्मशाली विणकरांच्या मागाचा आवाज आणि त्यांची तेलुगू ऐकत वाढलेल्या मुलाला दुसऱ्याची भाषा ही भीती वाटण्याजोगी वस्तू राहत नाही.

कोटणीसांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९४४ साली, ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. पाच गेले आणि एक परतला नाही, हेच त्याच्या नावात आहे. अब्बास पानिपतचे, परंतु मुंबईत पत्रकार म्हणून स्थायिक झालेले. त्यांनी आणि त्यांचे मराठी सहकारी व. प. साठे यांनी चित्रपटाची कथा बांधली. व्ही. शांताराम १९४२ साली 'प्रभात'मधून बाहेर पडले होते आणि परळला 'राजकमल'ची उभारणी झाली होती. 'शकुंतला' (१९४३) लोकांनी डोक्यावर घेतला होता. दिग्दर्शन शांतारामबापूंचे, नायकाची भूमिकाही त्यांचीच, संगीत वसंत देसाई यांचे, नायिका जयश्रीबाई. नटसंचात बाबूराव पेंढारकर आणि केशवराव दाते यांच्यासारखी मंडळी. एक गंमत जाता जाता सांगावीशी वाटते. कोटणीसांच्या वडिलांचे नाव शांताराम. त्यामुळे पडद्यावर द्वारकानाथाचे सोंग घेऊन उभा राहिला तो पित्याच्या नावाचा माणूस.

चित्रपट हिंदीत निघाला आणि परदेशासाठी त्याची इंग्रजी आवृत्तीही काढण्यात आली. मराठी आवृत्ती निघाली नाही. ज्या शांतारामबापूंनी 'प्रभात'च्या काळात एकेक चित्रपट मराठी आणि हिंदी असा जोडीने काढला, त्यांनी सोलापूरच्या मराठी डॉक्टरांची कथा मात्र मराठीत सांगितली नाही. त्यामागे व्यवहार असणार. युद्धकाळात कच्च्या फिल्मवर सरकारचे नियंत्रण होते आणि हिंदीचा बाजार मोठा होता. परंतु परिणाम असा झाला की, पडद्यावरील कोटणीस आपल्या आईशीही हिंदीत बोलतात. परप्रांतात राहणाऱ्या आपणा मराठी कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. चारचौघांत आपण ज्या भाषेत वावरतो तीच हळूहळू आपल्या घराची भाषा म्हणून इतर गृहीत धरू लागतात.

हकीकतीत केलेले बदलही लक्षात घेण्यासारखे आहेत. चित्रपटातील कोटणीस प्लेगच्या भयंकर साथीवर इलाज शोधून काढतात, जपानी तुकडीच्या हाती सापडतात, निसटतात आणि शेवटी त्याच रोगाला बळी पडतात. खऱ्या कोटणीसांना अपस्मार होता आणि त्या दुखण्यानिशी ते शस्त्रक्रिया करीत राहिले. आमच्या मते खरी गोष्ट अधिक थोर आहे. पण पडद्याला दिसणारा शत्रू लागतो, आणि अपस्मार हा शत्रू म्हणून दाखविता येत नाही. जपानी मात्र दाखविता येतात. शिवाय ते इंग्रजांचेही शत्रू. त्यामुळे काँग्रेसने पाठविलेल्या पथकाचे गुणगान करणारा चित्रपट असूनही सरकारला त्यात खटकण्याजोगे फारसे उरले नाही.

आता मुख्य मुद्दा. चीनमध्ये घडणाऱ्या या कथेतील प्रमुख चिनी पात्रे आपल्याकडील नटांनी रंगविली. छिंगलानची भूमिका, चित्रपटातील 'चिंग लान', गोव्याकडच्या जयश्रीबाईंनी केली. डोळ्यांच्या कडा रंगवून बारीक केल्या, केशरचना बदलली, चालण्याबोलण्यात एक ठरावीक लकब आणली आणि चीन उभा केला. ज्या डॉक्टरांनी चिनी लोकांसाठी त्यांची भाषा आत्मसात केली, त्यांच्या चरित्रपटात सारा चीन हिंदी शिकून बसलेला आहे!

हे वाचून कोणी लगेच शांतारामबापूंवर ठपका ठेवू नये. त्या काळी जगभर हेच चालले होते, आणि श्रीमंत देशांत तर त्याला गरिबीची सबबही नव्हती. पर्ल बक यांच्या प्रसिद्ध कादंबरीवरून हॉलिवुडने १९३७ साली 'द गुड अर्थ' काढला. त्यात चिनी शेतकरी झाले पॉल म्युनी आणि त्याची बायको झाल्या लुईज रेनर. या भूमिकेबद्दल रेनरबाईंना ऑस्कर पारितोषिकही मिळाले. त्याच वेळी लॉस एंजेलिस येथे जन्मलेली, चिनी वंशाची, नावाजलेली नटी ॲना मे वाँग हॉलिवुडमध्येच होती. ती भूमिका तिला मिळाली नाही. १९४४ साली 'ड्रॅगन सीड'मध्ये कॅथरीन हेपबर्न चिनी शेतकरीण झाल्या. हॉलिवुडमध्ये १९३० साली तयार झालेली आणि १९३४ पासून कडकपणे अमलात आलेली एक नियमावली होती. तिच्यात गोऱ्या आणि काळ्या माणसांमधील प्रणयसंबंध दाखविण्यास मनाई होती, आणि त्या मनाईची छाया इतर वंशांवरही पडत असे. नायक गोरा नट असला की नायिकाही गोरीच हवी, मग कथा चीनची का असेना.

'कॅसाब्लांका'चे उदाहरण अधिक बोधक आहे, कारण तेथे दोन्ही बाजू दिसतात. मोरोक्कोतील त्या शहरी युरोपभरचे निर्वासित अमेरिकेला जाण्याचे परवाने मिळविण्यासाठी अडकून पडले आहेत, अशी ती कथा. ही माणसे रंगविणारे बहुतेक नट स्वतःच युरोपातून आलेले होते. दिग्दर्शक कर्टिझ हंगेरीचे, नायिका इनग्रिड बर्गमन स्वीडनच्या. मार्सेल दालिओ आणि मादलेन लबो हे फ्रेंच जोडपे जर्मन फौजांपुढून पळून आलेले. कोन्राड फाइट यांनी तर हिटलर सत्तेवर आल्यावर पत्नी ज्यू असल्याने जर्मनी सोडली आणि पडद्यावर त्यांच्या वाट्याला आला तो नाझी अधिकारीच. नामावलीत ज्यांची नावे आहेत त्यांपैकी केवळ तिघे अमेरिकेत जन्मलेले होते, असे सांगतात. त्यामुळे त्या खाणावळीत फ्रेंच राष्ट्रगीत उठते तेव्हा गाणाऱ्यांच्या डोळ्यांतील पाणी केवळ अभिनयाचे राहत नाही. परक्याची भूमिका परक्यानेच केल्याने काय साधते, याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

पण त्याच चित्रपटात मोरोक्कोचे लोक कोठे आहेत? बाजारात फिरणाऱ्या झग्यांत आणि फेट्यांत. खाणावळीच्या दाराशी उभा असलेला अब्दुल हाही शिकागोत जन्मलेल्या नटाने रंगविलेला. पियानो वाजविणारा कृष्णवर्णीय सॅम हा नायकाचा जिवलग आहे, त्याला मान आहे, तो लाचार नाही. १९४२ साली ही लहान गोष्ट नव्हती. परंतु त्याला घर नाही, बायको नाही, स्वतःची अशी एकही इच्छा कथेने दिलेली नाही. नायक-नायिकेच्या आठवणी जाग्या करणे एवढेच त्याचे काम. भूमी आफ्रिकेची, दुःख युरोपाचे, असा तो मामला आहे.

या दोन्ही चित्रपटांशी ताडून पाहिले म्हणजे 'डॉ. कोटनीस' कोठे उणा पडतो आणि कोठे पुढे जातो हे कळते. चेहरा त्याने खोटा दिला. परंतु लग्न खरे लावले. ज्या काळी हॉलिवुडला असा संबंध वर्ज्य होता, त्या काळी एका हिंदी चित्रपटाने आपला नायक परदेशी, परधर्मी, परभाषी मुलीशी उजळ माथ्याने विवाहबद्ध होताना दाखविला. त्यात पाप नाही, प्रायश्चित्त नाही, मुलगी अखेरीस हिंदूच निघाली अशी युक्ती नाही. आणि १९४६ सालच्या महाराष्ट्रात जातीबाहेरचे लग्नदेखील किती घरांत पचत होते, याचा विचार वाचकांनी आपापल्या आजोबा-पणजोबांना स्मरून करावा.

चित्रपटाचा शेवट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. मरणशय्येवरचे कोटणीस पत्नीला तिच्या पुढच्या प्रवासाचे वर्णन करून सांगतात. ती मुलाला घेऊन आपल्या गावी कशी जाईल, घरची माणसे तिला कशी सामोरी येतील, तिचे स्वागत कसे होईल. ते बोलत असतात आणि ते सारे पडद्यावर घडताना दिसते. नायक मरतो आहे आणि सून घरात येते आहे. प्रेक्षक रडतात ते दोहोंसाठी. हा प्रसंग आम्ही अनेकदा पाहिला आहे. त्यातील शब्द उर्दू वळणाचे, लेखक पानिपतचे, पण उंबरठा मात्र पक्का आपल्याकडचा आहे.

येथे एक शंका मनात येते आणि ती आम्हांस सोडीत नाही. त्या उंबरठ्यावर खरोखरीची चिनी नटी उभी असती तर १९४६ सालचा प्रेक्षक तसाच रडला असता काय? जयश्रीबाई या प्रेक्षकांच्या ओळखीच्या होत्या. तीन वर्षांपूर्वीच लोकांनी त्यांना कण्वाश्रमातून सासरी जाताना पाहिले होते. ती शकुंतलाच पुन्हा एकदा, वेष पालटून, मूल कडेवर घेऊन दाराशी आली. तिला घरात घेणे सोपे गेले. म्हणजे चित्रपटाने परकी सून स्वीकारावयास शिकविले खरे, पण आपलाच चेहरा तिला लावून शिकविले. हे शिक्षण अर्धे म्हणावे की पहिला धडा म्हणावा, यावर मतभेद होऊ शकेल. आमचा कल दुसरीकडे आहे, पण पहिल्या धड्यावरच शाळा सुटली तर काय उपयोग, असेही वाटते.

शांतारामबापूंना या प्रश्नाची जाण नव्हती असे म्हणता येणार नाही. १९३९ सालच्या 'माणूस'मध्ये त्यांनी एकच गाणे निरनिराळ्या भारतीय भाषांत फिरवले, आणि ते गाणाऱ्या शांताबाई हुबळीकर मूळच्या कानडी मुलखातल्या होत्या. १९४१ साली त्यांनी 'शेजारी' आणि त्याचीच हिंदी आवृत्ती 'पडोसी' काढली. एक हिंदू, एक मुसलमान, जिवाभावाचे दोन म्हातारे आणि त्यांच्यात फूट पाडणारे धरणाचे राजकारण, ही ती कथा. हिंदी आवृत्तीत हिंदू म्हातारा झाला मझहर खान आणि मुसलमान म्हातारा झाले गजानन जागीरदार. ही अदलाबदल हेतुपुरस्सर होती आणि तिच्यामागे विचार होता. दुसऱ्याचे सोंग घेणे म्हणजे त्याची थट्टा नव्हे, त्याच्या घरात शिरून पाहणेही होऊ शकते. मात्र 'पडोसी'त दोन्ही बाजूंचे नट हजर होते. एकाने दुसऱ्याचे पागोटे घातले तर दुसऱ्याने पहिल्याची टोपी घातली. 'डॉ. कोटनीस'मध्ये सोंग घेणारे सगळे एका बाजूचे. चिनी नटाने मराठी माणूस रंगवावा अशी दुसरी बाजू तेथे नव्हतीच. सोंगात जोवर देवघेव आहे तोवर ते निरोगी राहते, असा आमचा समज आहे.

ती देवघेव पुढे एका परीने झाली. १९८२ साली चीनमध्येही कोटणीसांवर चित्रपट निघाला. आपण त्यांच्या मुलीला आपल्या नजरेने रंगविले, त्यांनी आपल्या मुलाला त्यांच्या नजरेने रंगविले.

पडद्याबाहेरची सून मात्र फार वेगळे आयुष्य जगली. त्या मराठी उंबरठ्यावरील स्वप्न स्वप्नच राहिले. क्वो छिंगलान चीनमध्येच राहिल्या. १९६२ साली सीमेवर युद्ध झाले. कालपर्यंत बंधुभावाच्या घोषणा देणारे दोन देश एकमेकांचे शत्रू झाले. त्या वर्षी आपल्या देशात राहणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या येथेच वाढलेल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, मुलाबाळांसह, राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेऊन ठेवण्यात आले. ज्यांनी चिंग लानसाठी चित्रपटगृहात डोळे पुसले होते त्यांपैकी कितीजणांना तेव्हा तिची आठवण झाली असेल? पुढे १९६७ साली, वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच, तरुण यिनह्वाही वारला. ज्याच्या नावात दोन देश एकत्र आले होते तो असा गेला. छिंगलान यांनी त्यानंतरही सोलापूरच्या माणसांशी नाते तोडले नाही. संबंध निवळल्यावर त्या अनेकदा भारतात आल्या, कोटणीसांच्या भावंडांना भेटल्या, आपल्या सहजीवनाच्या आठवणी त्यांनी लिहून ठेवल्या. चिनी नेते भारतभेटीस आले की कोटणीस कुटुंबीयांची भेट घेत, ही प्रथाही दीर्घकाळ चालली. २०१२ साली दालियन शहरी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, या सोलापूरच्या सुनेचे देहावसान झाले. पडद्यावर तिची व्यथा काही मिनिटांची होती. प्रत्यक्षात कोटणीसांवाचूनची सत्तर वर्षे होती.

अब्बास यांचा धागा येथे सोडवत नाही, कारण तो फिरून आपल्या भिलाईजवळ येतो. १९५५ सालच्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी भिलाई कारखान्याचा करार झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, १९५७ साली, अब्बास यांनी रशियन दिग्दर्शक वासिली प्रोनिन यांच्याबरोबर 'परदेसी' हा चित्रपट काढला. पंधराव्या शतकात त्वेर गावचा अफनासी निकितिन हा व्यापारी आपल्या कोकणात चौल बंदरी उतरला, जुन्नरला राहिला, बिदरपर्यंत गेला आणि त्याने प्रवासवर्णन लिहून ठेवले. त्याची ही कथा. नर्गिस, बलराज साहनी, पृथ्वीराज कपूर अशी आपली मंडळी, आणि निकितिन मात्र ओलेग स्त्रिझेनोव्ह हा रशियन नट. 'डॉ. कोटनीस'नंतर अकरा वर्षांनी त्याच लेखकाच्या कथेत परका माणूस स्वतःच्या चेहऱ्याने आला. गंमत पाहा : येथे चेहरा खरा आहे, पण लग्न नाही. नायक-नायिकेचे प्रेम आहे, ताटातूट आहे आणि पाहुणा आपल्या वाटेने निघून जातो. १९५८ साली कान येथील महोत्सवात 'परदेसी' स्पर्धेत होता. त्या वर्षी सर्वोच्च पारितोषिक मिळाले तेही एका रशियन युद्धकालीन प्रेमकथेलाच, 'द क्रेन्स आर फ्लाइंग' या चित्रपटाला.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या सुमारास येथे शेकडो रशियन तज्ज्ञ सहकुटुंब राहत असत. १९७२ साली उभारलेली मैत्री बाग त्याच सहवासाची खूण आहे. या गावाला 'लघुभारत' म्हणण्याची पद्धत आहे आणि ते खोटे नाही. सेक्टरच्या एका रस्त्यावर आंध्रचे, केरळचे, बंगालचे, पंजाबचे आणि नागपूर-भंडाऱ्याकडचे लोक शेजारी राहतात. आणि या सगळ्यांखाली जी मूळ जमीन आहे ती छत्तीसगढी बोलणाऱ्यांची. आपल्याकडील एक चाल येथे नमूद करावीशी वाटते. गणेशोत्सवातील नाटकांत छत्तीसगढी पात्र येते ते बहुधा घरगडी किंवा मोलकरीण म्हणून, दोन विनोदी वाक्यांपुरते, आणि त्याची बोली आपल्यापैकीच कोणीतरी वेडीवाकडी करून बोलतो. प्रेक्षक हसतात. 'कॅसाब्लांका'च्या दाराशी उभा असलेला अब्दुल आम्हांस तेव्हा आठवतो. आपल्या सभासद-यादीतील आडनावे पाहिली तर सारी मराठी दिसतील. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्या आडनावांत आलेल्या लेकीसुनांची माहेरची भाषा विचारली, तर छत्तीसगढी, तेलुगू, मल्याळम, ओडिया असे नाना उत्तर मिळेल. त्यांच्यासाठी आपल्या रंगमंचावर भूमिका कोणती?

सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमांची आखणी चालू असता तरुण मंडळींनी कोटणीसांवर एक छोटी एकांकिका बसविण्याची कल्पना मांडली. चिंग लान कोणी व्हावे यावर चर्चा झाली. तेव्हा काहीजणांनी साहजिकपणे आपल्या एका सभासदाच्या सुनेचे नाव सुचविले. मुलगी मूळची मणिपूरची, आठ वर्षांपासून भिलाईत आहे, मराठी उत्तम बोलते. चेहरा शोभेल, रंगभूषेचा खर्चही वाचेल, असे कोणी म्हणाले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि तालमीची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांना म्हणाली, "काका, मी इंफाळची. चीन मी पाहिलेलासुद्धा नाही. तुम्ही मला सासूची भूमिका द्या. भाकरतुकडा ओवाळून टाकणारी सासू मी चांगली करीन, माझ्यावरून ओवाळला होता तो मला अजून आठवतो आहे."

क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग तिच्या सासूबाईच आधी हसल्या.

त्याप्रमाणे भूमिका दिल्या गेल्या. चिंग लान होणारी मुलगी मूळची गोंदियाकडची आहे, महाविद्यालयात शिकते. डोळे रंगवायचे नाहीत असे तिने आणि दिग्दर्शकांनी मिळून ठरविले आहे. पुस्तकावरून दहा-बारा चिनी वाक्ये ती घोकते आहे. कोटणीसांच्या मातोश्री सोलापुरी लुगड्यात दर बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी सात वाजता तालमीस हजर असतात.